माहितीचा धनी कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मदन महल येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने मंडळाच्या गतकाळाचा गौरव करावा अशी रीत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळी या व्यासपीठावरून करीत आहेत. मला चिटणीसांनी मुद्दाम एक रोकडा विषय दिला आहे, आणि त्यामागचे कारण घरातलेच आहे. आपल्या स्मरणिकेच्या शेवटी परंपरेने सभासदांची सूची छापली जाते. कुटुंबप्रमुखाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, मुलांची नावे, जन्मतारखा, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, असा सारा तपशील तिच्यात असतो. या वर्षी ती सूची पूर्वीसारखी छापावी की नाही, यावर कार्यकारिणीत दोन मते पडली. एका पक्षाचे म्हणणे असे की, बदलीवर जबलपुरात आलेल्या नव्या मराठी कुटुंबाला पहिला आधार या सूचीनेच दिला, सोयरिकी या सूचीने जुळविल्या, अडल्यानडल्याला रक्तदाता या सूचीने मिळवून दिला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत आणि घरी सत्तरीपुढचे दोघेच, अशी आपल्यातील कितीतरी घरे आज आहेत. त्यांचा पत्ता, वय आणि मुलाचा ठावठिकाणा एकाच पानावर छापणे म्हणजे भामट्याच्या हाती किल्ली देणे होय. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तेव्हा या सूचीच्या निमित्ताने एकूणच आपल्या माहितीचा, आणि विशेषतः ती माहिती बाळगणाऱ्या कंपन्यांचा विचार करावा, असे ठरले.

आपल्या लहानपणी किराणा दुकानदाराकडे आपली उधारीची वही असे. घरात साखर किती लागते, पाहुणे कधी आले, पगार कोणत्या तारखेला होतो, हे त्याला पक्के ठाऊक असे. पण त्याचेही घर आपल्याला ठाऊक होते. वहीतील चूक आपण त्याच्यासमोर बोट ठेवून दाखवीत असू, आणि हिशेब चुकता झाला की त्या पानावर आडवी रेघ पडत असे. आजच्या व्यवहारात वही राहिली, दुकानदार मात्र दिसेनासा झाला. ती वही कोठे आहे, तिच्यात काय लिहिले आहे, ती आणखी कोणाकोणाला वाचावयास दिली, आणि आडवी रेघ कधी पडणार, यांतील एकही गोष्ट ग्राहकाला दिसत नाही. आपल्या या वस्तीला जिच्यावरून नाव मिळाले ती टेकडीवरची गोंड राजांची वास्तू टेहळणीची चौकी म्हणून ओळखली जाते. वर बसलेल्याला खालचा रस्ता दिसावा आणि खालच्याला वरचा माणूस दिसू नये, ही टेहळणीची सोय असते. आजच्या बाजारातील आपली जागा खालच्या रस्त्यावरची आहे.

या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास पाहू लागलो, की जबलपूरचे आणि मध्य प्रदेशाचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल. १९७५ साली ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पोलिसांनी एका इसमावर पाळत ठेवली होती आणि रात्री-अपरात्री घरी येऊन झडती घेण्याची मुभा त्यांना राज्याच्या पोलीस नियमांनी दिली होती. न्यायालयाने ते नियम रद्द केले नाहीत. तथापि खासगीपणाला घटनेत काही मर्यादित स्थान असू शकते, हे त्या निकालात प्रथमच गंभीरपणे मांडले गेले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २८ एप्रिल १९७६ रोजी, आपल्या शहराचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी बसविणारा निकाल लागला. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ हा तो खटला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येईल काय, असा प्रश्न होता. येथील उच्च न्यायालयासह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी ‘होय’ असे उत्तर दिले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, आणि पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड हे एक होते.

एकेचाळीस वर्षांनंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हा पुट्टस्वामी खटल्याचा निकाल. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय यशवंत चंद्रचूड यांनी लिहिले, आणि त्यात वडिलांनी ज्याला संमती दिली होती तो १९७६ चा जबलपूरचा निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. याच पीठावर न्यायमूर्ती शरद बोबडे होते, जे २०१२-१३ मध्ये येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रेही होते. या निकालाने आणखी एक गोष्ट ओळखली. खासगीपणाला धोका केवळ सरकारकडून नसतो. ज्यांच्या हाती माहितीचे साठे आहेत अशा खासगी संस्थांकडूनही तो असतो. म्हणून माहितीच्या रक्षणासाठी सरकारने कायदा करावा, असा निर्देश त्यातून मिळाला.

तो कायदा यथावकाश झाला. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ या नावाच्या विधेयकाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्या नियमांनी अंमलबजावणीचे टप्पे घालून दिले: मंडळाची, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाची तरतूद तत्काळ, ‘संमती व्यवस्थापकां’ची नोंदणी एका वर्षाने, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी.

या कायद्याने वापरलेले शब्द मला अर्थपूर्ण वाटतात. ज्याची माहिती तो ‘प्रिन्सिपल’, म्हणजे मूळ धनी. आणि माहिती बाळगणारी कंपनी ही ‘फिड्युशियरी’, म्हणजे विश्वस्त. देवस्थानाचा विश्वस्त दागिन्यांचा मालक नसतो. त्याने हिशेब द्यावयाचा असतो. याच न्यायाने कायदा ग्राहकाला चार हक्क देतो. आपली कोणती माहिती कंपनीजवळ आहे व ती कोणाला दिली, याचा गोषवारा मागता येतो. चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येते, आणि जिचे काम संपले ती पुसून टाकावयास लावता येते. तक्रार केल्यास कंपनीने नियमांनुसार जास्तीत जास्त नव्वद दिवसांत तिची दखल घ्यावयाची असते. चौथा हक्क वारस नेमण्याचा: मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यास हे हक्क कोणी बजावावेत, हे आधीच ठरवून ठेवता येते. मुले दूरदेशी असणाऱ्या घरांना या चौथ्या हक्काचे मोल अधिक आहे.

आणखी दोन तरतुदी आपण मराठी माणसांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने दिली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. ज्या आजीला इंग्रजी कलमे वाचता येत नाहीत, तिने ‘मला मराठीत दाखवा’ असे म्हणणे हा हट्ट नसून हक्क आहे. दुसरी तरतूद अशी की, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे.

आता हक्क कागदावर असणे आणि ते हाताशी असणे यांत अंतर असते, हे आपण सारे जाणतो. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९८६ साली आला. संघटित ग्राहक आधी उभा राहिला आणि कायदा मागाहून आला. आज स्थिती उलटी आहे. कायदा आला आहे, साधनेही थोडीबहुत आहेत, पण ती वापरणारा ग्राहक विखुरलेला आहे. म्हणून ही साधने मी एकेक करून सांगतो.

पहिले साधन पतअहवालाचे. आपण घेतलेले प्रत्येक कर्ज, प्रत्येक क्रेडिट कार्ड, चुकलेला प्रत्येक हप्ता यांची नोंद चार कंपन्या ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याने त्यांचे नियमन होते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चार कंपन्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक, असा क्रम लावला तर वर्षभर आपल्या नावावर लक्ष राहते. आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसले तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला. आपला अहवाल कोणी पाहिला तर आपल्याला संदेश यावा, हीही तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. म्हणून बँकेतील मोबाइल क्रमांक जुना असेल तर तो आधी बदलून घ्यावा. नाहीतर सूचना भलत्याच्याच हाती जाईल.

दुसरे साधन ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून ही व्यवस्था प्रत्यक्ष चालू झाली. पूर्वी कर्ज मागणाऱ्याने खात्याचे उतारे झेरॉक्स काढून टेबलावर ठेवायचे, आणि काम झाल्यावर त्या गठ्ठ्याचे काय झाले हे कोणीच विचारीत नसे. या व्यवस्थेत कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, किती दिवसांकरिता आणि किती वेळा द्यावयाची, हे संमतीपत्रातच लिहिलेले असते, आणि ती संमती मागे घेता येते. मधला अ‍ॅग्रिगेटर माहिती केवळ पोचवितो. ती कुलूपबंद असल्याने त्याला वाचता येत नाही. टपालवाल्याने पाकीट द्यावे पण फोडू नये, तसा हा प्रकार. नव्या कायद्यातील संमती व्यवस्थापकाची कल्पना याच धर्तीची आहे: भारतात नोंदलेली, किमान दोन कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता असलेली कंपनी ग्राहकाच्या वतीने त्याच्या साऱ्या संमती एका ठिकाणी दाखवील, आणि तेथूनच त्या देता व काढून घेता येतील. तिलाही आतील मजकूर वाचता येऊ नये, असा नियम आहे.

तिसरा गट दूरध्वनीचा. नको असलेल्या जाहिराती थांबविण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या २०२३ मध्ये सुरू झालेल्या सेवेत पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर ‘हा माझा नाही’ असे तेथेच कळविता येते.

चौथे, आधार. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. हे कार्ड सरकारी असले तरी त्याच्या प्रती हॉटेलांपासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत सर्वत्र पसरलेल्या असतात. प्रत देणे अपरिहार्य असेल तेथे पहिले आठ आकडे झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. मूळ क्रमांकाऐवजी सोळा आकडी आभासी क्रमांक वापरता येतो. बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद कुलूपबंद करता येते, आणि आधार कधी व कोठे पडताळले गेले याचा इतिहासही पाहता येतो.

पाचवी गोष्ट दुकानाच्या गल्ल्यावरची. बिल करताना मोबाइल क्रमांकाची सक्ती करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये व्यापारी संघटनांना कळविले. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्यास देणे, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेच अनुचित ठरविले आहे. त्या कायद्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध झाले. वर्गणी सहज सुरू होते पण बंद करण्याचे बटण सापडत नाही, हा त्यांतील एक. अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना यापेक्षा जुनी आणि काही बाबतींत धारदार हत्यारे उपलब्ध आहेत. युरोपीय संघाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. तेथे कंपनीने मागणीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते, आणि आपली माहिती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचाही हक्क आहे. आपल्या कायद्यात हा शेवटचा हक्क नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदा आहे, आणि २०२३ मध्ये तेथे माहितीच्या दलालांविषयी वेगळा कायदा झाला. त्यानुसार जानेवारी २०२६ पासून तेथील रहिवाशाला एकाच अर्जाने नोंदणीकृत सर्व दलालांना ‘माझी माहिती पुसा’ असे सांगण्याची सोय झाली, आणि ऑगस्ट २०२६ पासून दलालांनी ते अर्ज अमलात आणावयास लागावे, असे ठरले. तिकडे राहणाऱ्या मुलांनी हे अवश्य करावे. त्यांची माहिती जितकी कमी पसरेल, तितके ‘तुमचा मुलगा अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्या भामट्याचे भांडवल कमी होईल. असल्या फोनवर माणूस विश्वास ठेवतो, कारण पलीकडच्याला मुलाचे नाव, गाव आणि कंपनी ठाऊक असते.

या साऱ्याच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. सरकारी यंत्रणांना या कायद्यात मोठ्या सवलती आहेत. सुरक्षेत हयगय करणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो दंड सरकारच्या संचित निधीत जातो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम त्र्येचाळीस-अ वगळण्याची सोय त्यात आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास ग्राहकालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तक्रार करण्याआधी कागद नीट जमवावेत. आणि सर्वांत मोठी मर्यादा आपल्या स्वभावाची. दिवसातून दहा वेळा ‘मान्य आहे’ वर बोट ठेवणाऱ्या हाताला कोणताही कायदा सावरू शकणार नाही. शिवाय जी माहिती आपण स्वतःच चव्हाट्यावर मांडली, तिला हा कायदा लागूच होत नाही. वाढदिवसाचे छायाचित्र, नव्या घराची पाटी, परदेशप्रवासाचे तिकीट हे सारे समाजमाध्यमावर टाकताना हे ध्यानी असावे.

असो. आता मूळ प्रश्नाकडे, आपल्या सूचीकडे येतो. कोणी म्हणेल, कायदा कंपन्यांसाठी आहे, मंडळाला त्याचे काय? वस्तुतः तसे नाही. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात संघटनाही येतात. घरगुती कामासाठी मिळणारी सूट एकट्यादुकट्या माणसाला आहे, मंडळाला नाही. आपली सूची संगणकावर आहे, ती छापखान्याला ई-मेलने जाते, आणि मग तिची छायाचित्रे गटागटांतून फिरतात. म्हणजे आपणही विश्वस्त आहोत. ज्या अपेक्षा आपण बँकेकडून करतो, त्या आपल्याला आधी लागू केल्या पाहिजेत.

म्हणून माझी सभेला चार बाबींची विनंती आहे. सूची छापावी, पण प्रत्येक कुटुंबाकडून मराठीतला, एका पानाचा संमतीअर्ज घ्यावा आणि ज्याने ज्या रकान्याला होकार दिला तेवढाच छापावा. जन्मतारीख, वय आणि मुलांचे परगावचे पत्ते कोणाचेच छापू नयेत. वधूवर सूचक माहिती मंडळाच्या कार्यालयात स्वतंत्र वहीत राहावी आणि दोन्ही घरांच्या परवानगीनेच पुढे जावी. अठरा वर्षांखालील मुलांचा तपशील पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय घेऊच नये. कायद्यानेही हेच वय धरले आहे. नव्याने आलेल्या कुटुंबासाठी मंडळाचा एकच दूरध्वनी छापावा, आणि त्यावर बोलणाऱ्या कार्यकर्त्याने त्यांना जवळच्या मराठी घरी पोचवावे. याने सूचीचे जुने काम अडणार नाही, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दाराचा पत्ताही वाटला जाणार नाही.

चौथ्या विनंतीला एक जोड देतो. महिन्यातून एका रविवारी आपल्यातील दोन-तीन जाणत्या तरुणांनी येथे बसावे. ज्येष्ठांचा पतअहवाल काढून द्यावा, आधारचे ठसे कुलूपबंद करून द्यावेत, संचार साथीवर त्यांच्या नावावरील जोडण्या तपासाव्यात, १९०९ ची नोंद करावी. पासवर्ड मात्र ज्याचा त्यानेच आपल्या हाताने टाकावा. मदत करणाऱ्याने तो पाहू नये. पन्नास वर्षांपूर्वी या मंडळात पत्रे लिहून देणारी आणि मनीऑर्डरीचे अर्ज भरून देणारी माणसे होती. त्या सेवेचेच हे आजचे रूप होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरकर मराठ्यांच्या आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी माणसे या नर्मदाकाठी आली. त्यानंतर तोफगाडीच्या कारखान्यासाठी, रेल्वेसाठी, न्यायालयासाठी येत राहिली. परक्या मुलखात टिकायचे तर एकमेकांची खबर असावी लागते. ती खबर विश्वासाने दिलेली असते, आणि म्हणून ती विश्वासानेच राखावी लागते. सूचीचा अर्ज उद्यापासून कार्यालयात ठेवला जाईल, असे चिटणीसांनी मला सांगितले आहे. प्रत्येक कुटुंबाने तो वाचावा, आवडेल तेथे होकार द्यावा, नको असेल तेथे निःसंकोच ‘नको’ लिहावे, आणि तो या महिनाअखेरपर्यंत परत करावा.